नागपूरच्या उन्हात घरचा पिनहोल कॅमेरा: डब्यापासून फोटोपर्यंत

महालातल्या आमच्या जुन्या घरी मे महिन्याच्या दुपारी दारं-खिडक्या लावून सगळे आडवे व्हायचे. रस्त्याकडच्या खिडकीच्या फळीतली एक गाठ निघून गेली होती. तिथून उजेड आत यायचा आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर अख्खा रस्ता उलटा उमटायचा. सायकलवाला डोकं खाली, चाकं वर करून भिंतीवरून जायचा आणि आम्ही भावंडं चटईवर पडून बघत राहायचो. पिनहोल कॅमेरा म्हणजे तीच खोली. फक्त ती डब्याएवढी लहान करायची आणि भिंतीच्या जागी फोटोचा कागद लावायचा.

दोन वर्षांपूर्वी मी हा कॅमेरा करायला घेतला तेव्हा पहिले अकरा कागद वाया गेले. ज्या सूचना वाचून काम करत होते त्या थंड देशांतल्या होत्या. नळाला वीस अंशांचं पाणी येतं, ऊन मवाळ असतं आणि चिकटपट्टी लावली की चिकटून राहते, हे त्यांत गृहीत होतं. आपल्याकडे यातलं काहीच खरं नाही. म्हणून नागपुरात करायचं तर कसं, तेवढं इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नुसता बघायचा डबा करा

ही पायरी गाळू नका. बुटाच्या खोक्याच्या एका आखूड बाजूला सुईने भोक पाडा. समोरची आखूड बाजू कापून तिथे बटर पेपर ताणून चिकटवा. दुपारी अंगणाकडे किंवा रस्त्याकडे भोक करून बसा, डोक्यावरून आणि खोक्यावरून जाड चादर घ्या आणि डोळ्यांना दोन मिनिटं द्या. घाई केली तर काहीच दिसत नाही.

आमच्या आळीतली पोट्टी जमली होती. एक चादरीत शिरला, बराच वेळ गप्प राहिला आणि एकदम ओरडला, “काकू, कडुलिंब उलटा लटकून राहिला!” त्यानंतर पिनहोल म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. झाडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण भोकातून सरळ जातो तो खाली पडतो आणि बुंध्याचा वर, बस. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, तीही अशीच. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाच्या सकाळी झाडांखाली उजेडाच्या चंद्रकोरी सांडल्या होत्या. तिथे पानांमधल्या फटी पिनहोल झाल्या होत्या.

२. सामान

* पत्र्याचा गोल डबा, झाकणही पत्र्याचं आणि घट्ट बसणारं, साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर उंच
* कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, मणी ओवायची बारीक सुई, ६०० नंबरचा पॉलिश पेपर
* काळा मॅट स्प्रे, काळी इन्सुलेशन टेप, फ्रीजवर लावतात ते चपटं चुंबक
* ५ × ७ इंची कृष्णधवल फोटोचा कागद, चकचकीत, आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) प्रकारचा
* कागदासाठीचा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं)
* प्लॅस्टिकचे तीन ट्रे, दोन चिमटे, हातमोजे, लाल दिवा

बर्डीतल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारताना “ब्रोमाइड पेपर” आणि “हायपो” म्हणा, लगेच कळतं. हायपो म्हणजेच फिक्सर. दुकानात मिळालं नाही तर ऑनलाइन मागवावं लागतं. मे महिन्यात मागवू नका, कारण कागदाला उष्णता सोसत नाही आणि गाडीत तापलेला कागद धुताना, म्हणजे रसायनांत चित्र उमटवताना, राखाडी निघतो. घरी आला की कागदाचं पाकीट घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवा.

इथला एक सापळा म्हणजे प्लॅस्टिकच्या झाकणाचे डबे. झाकण काळं दिसलं तरी त्यातून उजेड आत येऊ शकतो. पत्र्याचंच झाकण घ्या.

३. भोक: अर्धी संध्याकाळ इथे घालवा

भोक मोठं झालं तर चित्र भुरकट येतं. फार लहान झालं तरी भुरकटच येतं, कारण अगदी बारीक छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरतो. मधलं माप काढायचा हिशेब ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. घरगुती कामासाठी तो असा वापरा: भोकापासून कागदापर्यंतच्या मिलिमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ काढा आणि त्याला ०.०४५ ने गुणा. आपला डबा १०० मिलिमीटर रुंद, वर्गमूळ १०, म्हणून भोक ०.४५ मिलिमीटरचं. डबा १४४ मिलिमीटरचा असेल तर ०.५४.

कॅनच्या पत्र्याचा दोन बोटं रुंद चौकोन कापा. कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. पत्रा जुन्या वहीवर ठेवा आणि सुईचं टोक मधोमध दाबून फक्त खळगा पाडा. सुई आरपार घालू नका. आता पत्रा उलटा करा. मागे आलेला बारीक फोड पॉलिश पेपरवर गोल गोल घासा. घासता घासता फोडाचा शेंडा झिजतो आणि उन्हात धरलं की टाचणीच्या टोकाएवढा उजेड चमकतो. त्यात सुईचं टोक हलकेच घालून फिरवा, परत घासा, फुंकर मारा. सुई एकदम टोचून पाडलेल्या भोकाला पत्र्याची फाटकी कड राहते आणि ती प्रत्येक फोटोत दिसते.

माप कसं घ्यायचं? झेरॉक्सच्या दुकानात पत्रा १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून घ्या. त्या स्कॅनमध्ये ०.४५ मिलिमीटर म्हणजे साधारण २१ ठिपके. स्कॅन मोठा करून ठिपके मोजा, भोक गोल आहे का तेही कळेल. माझं तिसरं भोक जमलं. पहिली दोन लंबगोल होती.

४. डबा आतून काळा, बाहेरून बंद

डब्याच्या पोटाला, उंचीच्या मधोमध, एक सेंटिमीटरचं भोक पाडायचं आहे. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर डबा चेपतो. आत ओली वाळू ठासून भरा, मग ठोका आणि कानशीने कडा घासा. ड्रिल मशीन असेल तर आणखी सोपं. मग आतून मॅट काळा स्प्रे मारा, झाकणाची आतली बाजूही. चकचकीत काळा रंग चालत नाही, त्यावर उजेड परावर्तित होऊन कागदावर पट्टे उठतात. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, डबा उघडा ठेवा.

सुईच्या भोकाचा पत्रा या मोठ्या भोकावर आतल्या बाजूने बसवा आणि चारही कडा टेपने दोनदा बंद करा.

शटरसाठी बहुतेक ठिकाणी “काळ्या टेपची पट्टी लावा” असं सांगितलेलं असतं. एप्रिलनंतर इथे ती पट्टी टिकत नाही. उन्हात गोंद पाघळतो, पट्टी सरकते आणि चिकट थर नेमका भोकावर येतो. माझे तीन कागद एवढ्याने गेले. डबा पत्र्याचा असल्यामुळे चपटं चुंबक त्याला घट्ट धरतं. चुंबकाच्या आतल्या बाजूला काळ्या मखमलीचा तुकडा चिकटवा, झालं शटर.

उजेड कुठून शिरतो ते बघायला डब्यात मोबाइलचा टॉर्च चालू करून ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या खोलीत डबा फिरवून बघा. झाकणाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली तरी तिथे टेप हवी.

५. न्हाणीघराची डार्करूम

रात्री नऊनंतर काम करा. झरोक्याला पुठ्ठा आणि दाराच्या फटीला टॉवेल लावला की न्हाणीघर पुरतं. गिझरचा छोटा दिवा, वॉशिंग मशीनचा आकडा, मनगटावरचं घड्याळ हे सगळं झाका किंवा बंद करा. मोबाइल बाहेर ठेवा.

लाल दिवा म्हणून मी देवघरातला झिरोचा बल्ब वापरला. बल्ब लाल दिसतो म्हणून तो कागदाला चालेलच असं नसतं, काहींतून पांढरा उजेडही झिरपतो. त्याची परीक्षा अशी: त्या दिव्याखाली कागदाच्या कपट्यावर एक नाणं ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग कपटा धुवा. नाण्याचा गोल उमटला तर तो दिवा बाद.

६. कागद भरणं

लाल उजेडात चकचकीत बाजू ओळखा. शंका आली तर कोपऱ्याला ओलं बोट लावा, थर असलेली बाजू किंचित चिकट लागते. ती बाजू भोकाकडे करून कागद डब्याच्या गोलाईत बसवा. डब्याचा घेर सुमारे ३१ सेंटिमीटर आणि कागदाची लांबी जवळपास १८, म्हणजे समोर १३ सेंटिमीटर मोकळे राहतात. भोक त्या मोकळ्या जागेच्या मधोमध आलं पाहिजे. पहिल्या दिवशी कागदाची कड भोकावर आली होती आणि मी दोन तास कोऱ्या कागदाचं कारण शोधत होते. आत बोट घालून एकदा चाचपा, मगच झाकण लावा.

७. उन्हात: किती वेळ उघडायचं

१०० ला ०.४५ ने भागलं की २२२ येतात, म्हणजे आपला कॅमेरा एफ २२२ चा (हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान). साध्या कॅमेऱ्याच्या तुलनेत हे छिद्र फारच छोटं, आणि फोटोचा कागदही फिल्मपेक्षा खूप मंद, साधारण आयएसओ ६ (आयएसओ म्हणजे उजेड टिपायच्या वेगाचा आकडा) धरा. त्यावरून सुरुवातीचे आकडे असे येतात. स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी असताना ३० सेकंद. पातळ ढग असतील तर दीड-दोन मिनिटं. भरून आलेलं असेल किंवा इमारतीच्या सावलीत चार ते आठ मिनिटं. पहिल्याच दिवशी एकाच दृश्याचे तीन कागद काढा: ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं. वेळ वाढवायचा तर दुप्पटच करा, पाच-दहा सेकंदांनी काही फरक दिसत नाही.

या कागदाला निळा आणि थोडा हिरवा उजेड दिसतो, लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून तर लाल दिव्यात काम करता येतं. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात निळा कमी असतो, त्यामुळे डोळ्यांना लख्ख वाटलं तरी कागदाला दुप्पट-चौपट वेळ लागतो. दुसरा परिणाम मला संत्र्यांनी शिकवला. डिसेंबरात गच्चीच्या कठड्यावर पांढऱ्या पंचावर टोपलीभर संत्री मांडून फोटो काढला. पंचाची एकेक सुरकुती दिसत होती, टोपलीची वीण मोजता येत होती आणि त्यात संत्र्यांच्या जागी कोळशाचे गोळे. फळावरची खरखरीत साल मात्र सुंदर आली होती. कपड्यांत लाल-केशरी असेल तर ते काळंच येणार हे धरून चाला.

मे महिन्याची भर दुपार टाळा. शेवटच्या आठवड्यात तर नागपूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि इमारतीच्या भिंती सपाट दिसतात. सकाळी साडेसात ते नऊ ही चांगली वेळ. नवतपा (मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस) लागला की डबा घरातच राहू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

चुंबक काढताना डबा हलतो आणि चित्र दोनदा उमटतं. डब्यावर अर्धी वीट ठेवा. भोकासमोर काळा पुठ्ठा धरा, चुंबक काढा, दोन सेकंद थांबा आणि मग पुठ्ठा बाजूला घ्या. बंद करतानाही आधी पुठ्ठा, मग चुंबक.

फुटाळ्याच्या काठावर किंवा शुक्रवारी तलावाशी सुरुवात करा. पाणी, दगड आणि आकाश यांवर हात चांगला बसतो. झिरो माइलचे चार घोडे आणि स्तंभ दोन मिनिटांत छान येतात, आणि बाजूने वाहणारी सगळी रहदारी फोटोतून नाहीशी होते. जो दोन मिनिटं हलत नाही तोच कागदावर उरतो. एका सकाळच्या ढगाळ उजेडात व्हरायटी चौकाचा चार मिनिटांचा फोटो घेतला. त्यात एकही वाहन नाही, फक्त उभा असलेला एक फुगेवाला आहे. त्याचे फुगे हलत होते, त्यांचा नुसता धूर झाला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. काळ्या टेपने गुंडाळलेला गोल डबा सार्वजनिक जागी ठेवून दूर उभं राहू नका. एका इमारतीसमोर मी डबा कट्ट्यावर ठेवला आणि सावलीत गेले. पहारेकऱ्याने लोकांना मागे हटवायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून डब्यावर ठळक मराठीत “पिनहोल कॅमेरा, आत फक्त कागद” असं लिहिलं आहे, मी हाताच्या अंतरावर उभी राहते आणि आधी विचारते. स्टेशन, मेट्रो, विमानतळ आणि गर्दीचे दिवस पूर्ण वर्ज्य.

८. धुणं: माठाचं पाणी घ्या

तीन ट्रे ओळीने मांडा: डेव्हलपर, साधं पाणी, फिक्सर. पातळ करायचं प्रमाण बाटलीवर असतं, ते पाळा. डेव्हलपर साधारण २० अंशांवर लागतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री दहालाही हात भाजेल असं येतं. त्यात कालवलेल्या डेव्हलपरमध्ये चित्र काही सेकंदांत काळं पडतं आणि डाग धरतं. माझ्या अकरांपैकी निम्मे कागद इथेच गेले.

उपाय घरातच आहे. माठातलं पाणी घ्या. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ फार चांगलं काम करतो. तरीही गरम वाटलं तर परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, प्रमाण बिघडतं. पावसाळ्यात हवा दमट असते, माठ तेवढा गार करत नाही, तेव्हा परातच कामाची.

कागद डेव्हलपरमध्ये एका झटक्यात पूर्ण बुडवा आणि ट्रेचा एक कोपरा सतत हलकेच उचलत राहा. दहा-पंधरा सेकंदांनी आधी आकाश काळं होऊ लागतं, मग भिंतींच्या कडा येतात, मग झाडाची पानं. हे कितीही वेळा बघितलं तरी माझा श्वास थांबतो. एक ते दीड मिनिट पूर्ण होऊ द्या. लवकर काळं पडलं म्हणून घाबरून कागद बाहेर काढू नका, ती एक्सपोजरची, म्हणजे कागदाला दिलेल्या उजेडाची, चूक असते, पुढच्या वेळी वेळ कमी करा. मग अर्धा मिनिट पाण्यात, दोन मिनिटं फिक्सरमध्ये. फिक्सरनंतर पांढरा दिवा लावता येतो. शेवटी वाहत्या पाण्याखाली चार मिनिटं धुवा आणि दोरीला चिमट्याने लटकवा.

फिक्सरचा एक थेंबही डेव्हलपरमध्ये जाता कामा नये, म्हणून दोन चिमटे. हे ट्रे परत स्वयंपाकघरात नेऊ नका. रसायनं कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात मुलं असतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, ते पाणी झाडांना, विहिरीत किंवा तलावात टाकू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवून नाव लिहून ठेवा.

९. काळ्याचं पांढरं

हाती येतं ते निगेटिव्ह. मोबाइलने त्याचा सरळ वरून फोटो घ्या आणि कोणत्याही एडिटिंग ॲपमध्ये रंग उलटे करा. शिवाय डावं-उजवंही उलटं झालेलं असतं, ते आडवं फिरवा. दुकानाची पाटी वाचता आली म्हणजे बरोबर.

कागदावरच प्रिंट हवा असेल तर लाल उजेडात कोऱ्या कागदावर निगेटिव्ह तोंडाला तोंड लावून ठेवा, वर काच ठेवा आणि टॉर्च दोन-तीन सेकंद लावा. मग तेच धुणं. यात डावं-उजवं आपोआप सुधारतं.

१०. कागद बिघडला तर

पूर्ण काळा: वेळ जास्त झाला किंवा उजेड शिरला. चुंबक न काढता एक कागद दहा मिनिटं उन्हात ठेवून धुवा. तरीही काळा आला तर डबा गळतो आहे. एकाच बाजूने काळा फराटा आला तर झाकण बघा. पूर्ण पांढरा आला तर कागद उलटा बसला होता, भोक झाकलं होतं किंवा शटर उघडलंच नाही. सगळं दोनदा दिसत असेल तर डबा हलला. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने तारीख, वेळ, ऊन आणि सेकंद लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. माझ्या पहिल्या अकरा कागदांवर काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यांतून मला आजही काही शिकता येत नाही.

११. रसायनांशिवाय: होळीपर्यंतचा डबा

रसायनं आणायची नसतील तर हा प्रकार करा. असाच डबा कागद भरून २२ डिसेंबरला गच्चीच्या कठड्याला तारेने घट्ट बांधा, तोंड दक्षिणेला. त्या दिवशी नागपुरात दुपारचा सूर्य सुमारे ४५ अंश उंच असतो आणि सरळ उभ्या डब्याला तो दिसत नाही, म्हणून डबा ३० अंश मागे कलता ठेवा. झाकणाची फट टेपने बंद करून वर प्लॅस्टिक गुंडाळा, भोक तेवढं मोकळं ठेवा. चुंबक काढा आणि होळीपर्यंत हात लावू नका. रोजचा सूर्य आपली एकेक रेघ ओढत जातो, ढगाळ दिवशी रेघ तुटते.

होळीला डबा मंद उजेडात उघडा. कागदावर चित्र आधीच उमटलेलं असेल, त्याला धुवायचं नाही. फिक्सरमध्ये टाकलं तर ते फिकट पडतं. लगेच एकदाच स्कॅन करा, कारण स्कॅनरच्या उजेडानेही ते थोडं काळवंडतं, आणि कागद काळ्या पाकिटात ठेवून द्या.